आपल्यावर शिक्का कोणाचा?

वाचने : यशया ४५:१, ४-६, १ थेस्सलनीकाकरांस १:१-५, मत्तय २२:१५-२१



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशूपुढे एक नाणे आणले जाते. परुशी आणि हेरोदी ह्यांचे एरवी आपसांत पटत नसे, पण येशूला पेचात पकडायला ते एकत्र आले. कैसराला कर द्यावा की देऊ नये, असा त्यांचा प्रश्न. द्यावा म्हटले तर लोक म्हणणार, हा रोमी सत्तेचा माणूस. देऊ नये म्हटले तर रोमी अधिकारी म्हणणार, हा बंडखोर. प्रभूने वाद घातला नाही. त्याने कराचे नाणे मागितले. ते त्याला दुसऱ्यांकडून मागून घ्यावे लागले. प्रश्न विचारणाऱ्यांना मात्र ते लगेच हजर करता आले. त्यावर चेहरा कोणाचा आणि नाव कोणाचे, असे त्याने विचारले. कैसराचे, असे उत्तर आले. तेव्हा प्रभूने निकाल दिला : कैसराचे असेल ते कैसराला द्या आणि देवाचे असेल ते देवाला द्या.

ह्या उत्तराच्या पहिल्या भागावर आपण पुष्कळ बोलतो. कर भरावा, कायदा पाळावा, चांगले नागरिक व्हावे हे सारे खरेच आहे. पण उत्तराचा दुसरा भाग अधिक खोल आहे. नाण्यावर कैसराचा चेहरा होता म्हणून ते कैसराचे ठरले. मग देवाचा चेहरा कशावर आहे? बायबलच्या पहिल्याच पानावर त्याचे उत्तर आहे. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले (उत्पत्ती १:२७). म्हणजे देवाचे नाणे आपण स्वतः आहोत. नाणे कैसराला गेले तरी चालेल. माणूस मात्र कैसराला देता येत नाही, आणि बाजारालाही देता येत नाही. आज ह्याच गोष्टीवर आपण मिळून चिंतन करू या.

नोट आणि पासपोर्ट

हे शुभवर्तमान समजायला आपण नाशिककरांना फार लांब जावे लागत नाही. नाण्यावरचा चेहरा म्हणजे काय, हे नाशिकरोडइतके कोणाला ठाऊक असणार? १९२५ पासून येथील मुद्रणालयात टपालाची तिकिटे छापली जाऊ लागली आणि १९२८ पासून नोटा. त्याआधी आपल्या देशाच्या नोटा इंग्लंडमधून छापून येत. येथे पहिल्यांदा छापली गेली ती पाच रुपयांची नोट. तिच्यावर चेहरा होता इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज ह्याचा. पुढे सहावा जॉर्ज आला. देश स्वतंत्र झाला आणि १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर राजाच्या जागी सारनाथचे सिंह आले. १९९६ पासून महात्मा गांधींचे चित्र असलेली नोटांची मालिका सुरू झाली. चेहरे बदलत गेले. ज्या राजाच्या चेहऱ्याने एके काळी घरचा किराणा येत असे, त्या चेहऱ्याची नोट आज जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या कपाटात आहे.

आणि ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र तर आपण कोणीच विसरलेलो नाही. टीव्हीवर घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून ५०० व १००० रुपयांच्या नोटा बाद झाल्या. चलनात असलेल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम ह्या दोन नोटांमध्ये होती. संध्याकाळी ज्या कागदाला मान होता, दोन दिवसांनी तो घेऊन आपण बँकेच्या रांगेत उभे होतो. नव्या ५०० च्या नोटा छापण्यासाठी नाशिकरोडच्या कामगारांनी जादा काम केले. त्या वेळी आलेल्या २००० च्या गुलाबी नोटेचे काय झाले? १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने तीही चलनातून मागे घेत असल्याचे जाहीर केले. साडेसहा वर्षांत तिचा मान संपला. कागद तोच, छपाई तीच. पण किंमत कागदात नव्हतीच. ती दुसऱ्याने दिलेली होती आणि दुसऱ्यानेच ती काढून घेतली.

त्याच नाशिकरोडला आणखी एक गोष्ट छापली जाते. आपल्या देशाच्या पासपोर्टची पुस्तिका. परदेशी नोकरीला निघालेल्या आपल्या मुलामुलींच्या हाती ती असते. ती एकदा उघडून पाहा. तिच्यात माणसाचे नाव असते, त्याचा चेहरा असतो, जन्मगाव असते, आईवडिलांची नावे असतात. त्याच्याजवळ गाडी कोणती, मोबाइल कोणत्या कंपनीचा, फ्लॅट किती खोल्यांचा, ह्यातले काहीही नसते. माणूस कोण आहे हे सांगायची वेळ आली तेव्हा सरकारलाही ह्या वस्तूंची गरज वाटली नाही. एकाच उपनगरात पैसाही छापला जातो आणि ओळखपत्रही. पण दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आपले दुखणे असे की आपण त्या एक समजू लागलो आहोत.

चंगळवाद म्हणजे नेमके काय?

चंगळवाद हा शब्द आपण व्यासपीठावरून नेहमी ऐकतो. पण तो सैलपणे वापरून चालणार नाही. चांगल्या वस्तू घेणे म्हणजे चंगळवाद नव्हे. चुलीच्या धुरात डोळे लाल करणाऱ्या आईच्या घरी गॅस आला, नळावर कपडे आपटून ज्यांचे हात भेगाळले त्यांच्या घरी वॉशिंग मशीन आले, गावाकडच्या आजीला मोबाइलवर नातवाचे तोंड दिसू लागले, ह्याबद्दल देवाचे आभारच मानले पाहिजेत. गरिबी म्हणजे पुण्य असे ख्रिस्तसभेने कधी शिकवले नाही.

१ मे १९९१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ‘चेंतेसिमुस आन्नुस’ हे विश्वपत्र लिहिले. त्यात त्यांनी ही गोष्ट फार स्पष्ट केली आहे. अधिक चांगले जगावेसे वाटणे ह्यात चूक काही नाही, चूक आहे ती ‘असण्या’पेक्षा ‘जवळ असण्या’ला मोठे मानणाऱ्या जीवनपद्धतीत, असा त्यांच्या शिकवणुकीचा आशय आहे. त्याआधी १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही सांगितले होते की माणसाचे मोल त्याच्याजवळ काय आहे ह्यावर नसून तो कोण आहे ह्यावर आहे.

योगायोग असा की पोपमहोदयांचे हे पत्र आले त्याच वर्षी, जुलै १९९१ मध्ये, आपल्या देशाने आर्थिक धोरण बदलले आणि बाजार खुला झाला. आपल्यातील वडीलधाऱ्यांना त्याआधीचे दिवस आठवत असतील. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. टेलिफोनचेही तसेच. टीव्हीवर एकटे दूरदर्शन. मग केबल आली, जाहिराती आल्या, मॉल आले, आणि आता तर दुकान आपल्या खिशातच आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या बोटाने खरेदी होते. ह्यामुळे सोय झाली, कारखान्यांना कामे मिळाली, सातपूर-अंबडच्या वसाहतींत आपल्यातील कितीतरी कुटुंबांची चूल त्यावरच पेटते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण ह्याच्यासोबत एक दुसरी गोष्ट घरात शिरली. जाहिरात आपल्याला नुसती वस्तू विकत नाही. ती आधी आपल्याला सांगते की तू कमी आहेस. तुझा रंग कमी आहे, तुझे घर जुने आहे, तुझ्या मुलाच्या पायांतले बूट साधे आहेत. आणि मग सांगते की हे घे, म्हणजे तू पुरा होशील. आपण घेतो. चार दिवस बरे वाटते. पाचव्या दिवशी नवी जाहिरात येते आणि आपण पुन्हा कमी पडतो. तहान भागवणारे पाणी एकदा पुरते; तहान लावणारे पाणी कधीच पुरत नाही. चंगळवाद म्हणजे हे दुसरे पाणी. वस्तू वापरायची सोडून वस्तूकडून स्वतःचे नाव मागणे, हे त्याचे खरे लक्षण आहे.

भांड्यावरचे नाव

आपल्या नाशिकची तांब्यापितळेची भांडी पूर्वीपासून प्रसिद्ध. भांडी बाजारात लग्नाचा आहेर घ्यायला गेले की दुकानदार विचारायचा, “नाव काय घालायचं?” मग कळशीवर, ताटावर, डब्यावर बारीक अक्षरांत नाव कोरले जाई. कोणाकडून, कोणाला, कोणत्या तारखेला. आजही अनेक घरांत माळ्यावर तसा एखादा डबा असेल. मामाने दिलेला, आत्याने दिलेला. देणारी माणसे प्रभूघरी गेली, पण डबा हातात घेतला की नाव वाचले जाते आणि त्या माणसासाठी मनात प्रार्थना उमटते.

आता आपल्या अंगावरच्या वस्तूंकडे पाहू या. शर्टाच्या खिशावर, बुटाच्या बाजूला, मोबाइलच्या पाठीवर नाव आहेच, पण ते ना देणाऱ्याचे, ना घेणाऱ्याचे. ते कंपनीचे आहे. पूर्वी माणूस वस्तूवर आपले नाव घालत असे. आता वस्तू माणसावर तिचे नाव घालते. आणि आपण ते नाव पैसे देऊन विकत घेतो, छातीवर मिरवतो आणि ते नसलेल्याला खालचा समजतो. नाव आले म्हणून कोणी पापी होत नाही. पण ते काढून घेतल्यावर आपण कोणीच नाही असे ज्याला वाटते, त्याच्यावर खरोखर दुसऱ्याचा शिक्का बसला आहे.

ह्याची झळ सर्वांत जास्त मुलांना लागते. आम्ही धर्मगुरू घरभेटींना जातो तेव्हा आईवडील सांगतात, “फादर, मुलगा वडिलांना शाळेच्या गेटपाशी येऊ देत नाही. गाडी जुनी आहे म्हणतो.” कंपनीत तीन पाळ्यांमध्ये झिजून ज्या बापाने त्याची फी भरली, त्या बापाची मुलाला लाज वाटते. त्या मुलाला दोष देण्यापूर्वी आपण विचार करू या. कुणाच्या घरी किती आहे ह्यावरून माणसे मोजायला तो शिकला कोठे? जेवताना आपण कोणाविषयी कसे बोलतो ते त्याने ऐकलेले असते.

आजच्या पहिल्या वाचनात देव कोरेश राजाला नावाने हाक मारतो. कोरेश देवाला ओळखतही नव्हता, तरी देवाने त्याला नाव घेऊन बोलावले. आपली ओळख तेथून सुरू होते. आपण कोणी तरी बनल्यावर देव हाक मारतो असे नाही. देव हाक मारतो म्हणून आपण कोणी तरी आहोत.

हप्त्यांचे ओझे

ह्या दुखण्याची एक बाजू अशी आहे की तिच्याविषयी आपण देवळात बोलत नाही, बाहेरही बोलत नाही. ती म्हणजे कर्ज. घरासाठी, शिक्षणासाठी, आजारपणासाठी घेतलेले कर्ज वेगळे. आपण येथे बोलत आहोत ते दाखवण्यासाठी घेतलेल्या कर्जाविषयी. दसरा-दिवाळी आली, पाठोपाठ नाताळ आला की दुकानांवर पाट्या लागतात. आज काहीही भरू नका, घेऊन जा. सोपे वाटते. पण एक टीव्ही, एक मोबाइल, एक बाइक असे तीन हप्ते एकत्र आले की पगार येतो त्याच दिवशी जातो. मग क्रेडिट कार्ड निघते. कार्डाची पूर्ण रक्कम न भरता किमान रक्कम भरत राहिले तर उरलेल्या बाकीवर महिन्याला ३ ते ३.५ टक्क्यांपर्यंत व्याज चढते. म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के. तेही थकले की खासगी सावकार. शेकडा ५ रुपये महिना, हे ऐकायला थोडे वाटते. पण ५०,००० रुपयांवर महिन्याला २,५०० नुसते व्याज जाते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. वर्षभरात ३०,००० रुपये गेले आणि एक रुपयाही फिटला नाही.

कर्जापेक्षाही वाईट असते ते लपवणे. नवरा बायकोपासून लपवतो, बायको बचत गटातून उचललेले सासूपासून लपवते. वसुलीवाला दारात आला की मुलांना सांगितले जाते, “सांग, पप्पा घरी नाहीत.” ह्या एका वाक्याने मुलाला खोटे शिकवले जाते आणि बापाची मान कायमची खाली जाते. घरात भांडणे वाढतात, दारूची बाटली येते, आणि ज्या वस्तूने मान वाढणार होता तीच घराचा मान घेऊन जाते.

ज्यांच्या घरी आज असे ओझे आहे त्यांना आम्हांला अगदी प्रेमाने सांगायचे आहे. कर्ज म्हणजे तुमची ओळख नव्हे. थकलेला हप्ता म्हणजे तुमच्यावर मारलेला शिक्का नव्हे. आज घरी गेल्यावर दार लावून, एकमेकांजवळ बसून सगळा आकडा कागदावर मांडा. जोडीदारापासून काही लपवू नका. सर्वांत जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडायचे ठरवा. मदत लागली तर धर्मगुरूकडे या, जाणकार भावाबहिणीकडे जा. लाज वाटू देऊ नका. ज्यांनी दुसऱ्याला उसने दिले आहे त्यांनीही मन मोठे करावे. आपल्याच मातीतल्या संत तुकारामांविषयी कथा सांगतात की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि देणेकऱ्यांना मोकळे केले. जो परमेश्वर आपली ऋणे माफ करतो त्याच्या लेकरांना ही कथा परकी वाटू नये.

वेदीपाशीही हेच?

बंधुभगिनींनो, आता थोडे जवळच्या गोष्टीकडे वळू या. बाजाराने आपल्या घरात यावे हे आपण समजू शकतो. पण तो आपल्या संस्कारांतही आला आहे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा दिवस घ्या. लहान मूल पहिल्यांदा ख्रिस्ताला आपल्या हृदयात घेणार, ह्याहून मोठा सण कोणता? पण महिनाभर आधीपासून घरात चर्चा असते ती हॉलची, केकची, फोटोग्राफरची, झग्याची. एकीचा झगा पाच हजारांचा, म्हणून दुसरीचा सात हजारांचा. आणि ज्याला हे जमत नाही असा बाप म्हणतो, “फादर, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी करू.” ह्या वाक्याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. फुकट मिळणाऱ्या भाकरीपासून एक मूल वर्षभर दूर राहिले, कारण आपण सर्वांनी मिळून त्या भाकरीला तिकीट लावले. तिकीट लावावे असे कोणाच्याच मनात नव्हते. पण ते लागले.

लग्नाचेही तसेच. देवापुढे दिलेले वचन दहा मिनिटांत उरकते आणि रात्रीच्या कार्यक्रमाचे हप्ते पाच वर्षे फेडावे लागतात. नवे जोडपे संसाराची सुरुवात करते ती कर्जाने. गावाकडची जमीन गहाण पडते. आणि हे कशासाठी? लोक काय म्हणतील म्हणून. लोक तर दोन दिवसांत विसरतात.

हे आजचे नाही. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काहींचे भरपूर जेवण होई आणि गरीब उपाशी राहत. संत पौलाने त्यांना कडक शब्दांत फटकारले (१ करिंथ ११). सोन्याची अंगठी घातलेला सभेत आला की त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला उभे राहायला सांगायचे, ह्याबद्दल संत याकोबाने कानउघाडणी केली आहे (याकोब २). म्हणजे हा आजार ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे. पण त्यावरचे औषधही तितकेच जुने आहे. ते आपल्या स्नानसंस्कारात आहे.

बाळाला घेऊन आईवडील देवळाच्या दाराशी येतात तेव्हा धर्मगुरू पहिला प्रश्न काय विचारतो? बाळाचे नाव काय ठेवणार? वडील काय करतात, घर कोठे आहे, हे तो विचारत नाही. मग पाणी, तेल, आणि शुभ्र वस्त्र. ते वस्त्र सर्वांना सारखेच. बंगल्यातल्या बाळाला आणि झोपडीतल्या बाळाला त्याचा अर्थ एकच : तू ख्रिस्त परिधान केला आहेस. ख्रिस्तसभा शिकवते की स्नानसंस्काराने आत्म्यावर एक अमिट मुद्रा उमटते. कोणत्याही पापाने ती पुसली जात नाही. नोटेवरचा शिक्का एका घोषणेने बाद होतो. हा शिक्का बाद करण्याचा अधिकार कोणत्याही बँकेला नाही, बाजाराला नाही, आणि शेजारणीच्या नजरेला तर नाहीच नाही. शेवटी ज्या दिवशी आपली शवपेटी देवळात आणली जाईल त्या दिवशी स्नानसंस्काराची आठवण म्हणून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडले जाईल. तेव्हा आपल्यासोबत काय असेल? नाव, ती मुद्रा आणि आपण केलेले प्रेम.

ही समानता आपण अनुभवतोही. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेत हातात मेणबत्ती घेऊन आपण रांगेत उभे असतो. पुढे कोण, मागे कोण, कोणत्या धर्माचा, कोणत्या गाडीतून आलेला, कोणी विचारत नाही. सप्टेंबरमध्ये हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला गेलेल्या माणसाच्या शिदोरीतली भाकरी शेजारचा अनोळखी माणूस खातो. तेथे आपण जे असतो तेच आपण खरे असतो. प्रश्न एवढाच की परत आल्यावर आपण ते का विसरतो.

एक तरुण संत

आमच्या तरुण मित्रांना वाटेल, हे सगळे जुन्या माणसांचे बोलणे आहे. म्हणून त्यांच्याच पिढीजवळच्या एका मुलाचे उदाहरण सांगतो. कार्लो आकुतिस ह्याचा जन्म ३ मे १९९१ चा. घर श्रीमंत. त्याला कॉम्प्युटरची विलक्षण आवड होती. परमप्रसादाच्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने ती इंटरनेटवर लोकांपुढे ठेवली. त्याची आई सांगते की तिने त्याला बुटांचे दोन जोड घ्यायचे ठरवले तेव्हा एक पुरे, असे म्हणून त्याने दुसरा नाकारला. व्हिडिओ गेम त्याला आवडत, पण त्यांच्यासाठी त्याने स्वतःवर वेळेची मर्यादा घातली होती. १२ ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या १५ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो वारला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी त्याला संत म्हणून घोषित केले.

कार्लोने कॉम्प्युटर फेकून दिला नाही की जीन्स टाकून दिली नाही. वस्तू त्याच्या हातात होत्या, डोक्यावर नव्हत्या. देव प्रत्येकाला अस्सल घडवतो आणि आपण मात्र दुसऱ्याची नक्कल होऊन मरतो, अशी खंत तो बोलून दाखवत असे. नोटा छापणाऱ्या गावाला हे सहज कळेल. नोटा एकसारख्या निघाव्या लागतात. एखादी वेगळी निघाली तर ती सदोष. माणसांचे उलटे आहे. देवाने छापखाना लावलेला नाही. तो एकेक माणूस हाताने घडवतो.

आपण काय करू शकतो?

ऐकून घरी जाण्यापेक्षा काही ठरवून जाऊ या. नाताळापूर्वी प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टींपैकी निदान दोन तरी कराव्यात.

१. हप्त्यावर कोणतीही मोठी वस्तू घेण्याआधी एक रविवार जाऊ द्यावा. त्या रविवारी मिस्सामध्ये देवापुढे विचारावे : ही वस्तू मला वापरायची आहे की दाखवायची आहे?

२. पहिल्या ख्रिस्तप्रसादाला आणि दृढीकरणाला सर्व मुलांचा पोशाख एकसारखा व साधा असावा. मोठ्या मुलींचे झगे जपून ठेवलेले असतात. ते धर्मग्रामात आणून द्यावेत. ज्यांना हवे ते घेतील आणि कोणी कोणाला विचारणार नाही.

३. लग्नाच्या, वाढदिवसाच्या खर्चातून काही वाटा आधीच बाजूला काढावा. उरलेसुरले नव्हे, आधीच. आपल्या जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याकडील कुटुंबे मजुरीसाठी द्राक्षबागांवर येतात. त्यांच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी, आजाऱ्याच्या औषधासाठी तो द्यावा.

४. आठवड्यातून एक जेवण टीव्ही आणि मोबाइल बंद करून, एकत्र बसून घ्यावे. त्या वेळी कोणाच्या वस्तूंविषयी बोलू नये. आजीआजोबांनी आपल्या गावाच्या, आपल्या श्रद्धेच्या गोष्टी सांगाव्यात. आपण कोण आहोत हे मुलांना दुसरीकडे कोठे कळणार?

५. माळ्यावरचा तो नाव कोरलेला डबा खाली काढावा. मुलांना नाव वाचायला लावावे आणि त्या माणसासाठी घरात एक प्रार्थना म्हणावी.

आज अर्पणाच्या वेळी पेटी फिरेल तेव्हा आपण नोट टाकू. नोट कदाचित नाशिकरोडलाच छापलेली असेल. ती जेथून आली तेथे जाईल. पण नोट टाकून आपण मोकळे होत नाही. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर ठेवले जातील तेव्हा प्रत्येकाने स्वतःला तेथे ठेवावे. कारण देवाचे जे आहे ते देवाला द्यायचे, आणि देवाचा चेहरा आपल्यावर आहे.

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, तू आम्हांला आपल्या प्रतिरूपात घडवलेस आणि नावाने हाक मारलीस. बाजाराच्या गलक्यात तुझी हाक आम्हांला ऐकू येऊ दे. जे कर्जाने वाकले आहेत त्यांना धीर दे, जे लाजेने दूर राहिले आहेत त्यांना जवळ आण, आणि ज्यांना तू भरपूर दिले आहेस त्यांचे हात उघड. आमच्या मुलांना त्यांच्या आईवडिलांचा अभिमान वाटू दे. स्नानसंस्काराच्या दिवशी मिळालेले शुभ्र वस्त्र आम्ही शेवटपर्यंत जपावे आणि तुझ्या घरी येताना तुझाच चेहरा आमच्या चेहऱ्यावर दिसावा, अशी कृपा आम्हांवर कर. हे मागतो आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.